मिटल्या ओठांचा गंधार

ग्राउबाखच्या दफनभूमीत गायक मंडळ नेहमी उत्तरेच्या भिंतीकडे पाठ करून, तिच्या अगदी जवळ उभे राहते. मागे दगडी भिंत असली की आवाज पुढे जातो, असा त्यामागचा साधा हिशेब. मग १८६७ च्या फेब्रुवारीत, खानावळवाल्या लिओपोल्ड आयगनरच्या दफनाच्या दिवशी, प्रामहोफर मास्तरांनी मंडळाला भिंतीपासून दोन पावले पुढे का उभे केले? भिंतीच्या कडेला बर्फाचा ढीग होता, असे काहीजण सांगतात. बर्फ होताच, पण त्या कडेला तो दर हिवाळ्यात असतो, आणि दर हिवाळ्यात मंडळ त्याच बर्फात घोटे बुडवून उभे राहते. मास्तरांच्या शाळेत, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्यानंतर इतकी वर्षे काढूनही या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. जे ठाऊक आहे ते लिओपोल्डच्या बायकोविषयी आहे, आणि तेही ती गेल्यावर कळले.

तिचे नाव तेरेझिया. गाव तिला रेझी म्हणे. परके लोक आयगनरीण म्हणत. ‘काळे अस्वल’ ही खानावळ लिओपोल्डच्या बापाची. रेझी तिथे आली ती स्वयंपाकाला, आणि दोन वर्षांत सून झाली. अंगाने रुंद, चालीने सावकाश, आवाजाने इतकी खर्जातली की पाठमोरी बोलली तर नवखे गिऱ्हाईक ‘अहो मालक’ म्हणून हाक मारी. ती ओ देई. चर्चमध्ये मात्र ती बायकांच्या बाजूला बसून गप्प राही, कारण बायकांसाठी लिहिलेले स्वर तिच्या गळ्याच्या वरून जात.

मंडळाची तालीम दर गुरुवारी खानावळीच्या मागच्या खोलीत होई. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पदार्थ वाढायची एक चौकोनी खिडकी होती, लाकडी झडपेची. खिडकीखालच्या बाकावर दुसरे टेनर बसत. पुरुषांच्या वृंदात आवाजांच्या चार ओळी असतात, दोन उंच आणि दोन खर्जातल्या. दुसरा टेनर ही वरून दुसरी. पहिल्या टेनरला टाळ्या मिळतात, खर्जाला धाक मिळतो. दुसऱ्या टेनरकडे लोकांचे लक्ष तो चुकला तरच जाते. लिओपोल्ड दुसरा टेनर होता. खोली त्याची असल्यामुळे त्याला कोणीही नाही म्हणणे शक्य नव्हते, आणि साधे गीत तो बरे गात असे.

१८५६ साली शाळेत ओबरहूमर नावाचा एक हडकुळा साहाय्यक शिक्षक होता. पुढे तो व्हिएन्नाला गेला आणि त्याचे नाव झाले. त्या काळात मात्र तो लाकूडफाट्याच्या बदल्यात लग्नाची गीते रचून देई. आमच्या खोऱ्यात घरोघर विळे आणि कोयत्या बनतात. तेव्हा त्याने मंडळासाठी गवत कापणाऱ्यावरची एक आठ ओळींची जर्मन कविता स्वरबद्ध केली. कवितेत विशेष काही घडत नाही. संध्याकाळ झाली, मी पाते पुसून ठेवले, राहिलेले गवत उद्या कोणी कापावे ते शेताने ठरवावे, एवढेच. शब्द एकटा गायक गातो. बाकीचे सारे ओठ मिटून केवळ गुंजारव धरतात, जणू दूरवरच्या घंटेचा नाद विरायचा राहिला आहे. गीत तीन मिनिटांच्या आत संपते.

त्याची सारी किंमत शेवटात आहे. गायकाचे शब्द संपतात, तो षड्जावर थांबतो. खर्ज आणि पहिले टेनर षड्ज-पंचम धरून स्थिर होतात. दुसरा टेनर तेवढा मध्यमावर अडकून राहिलेला असतो. मग सगळे थांबलेले असताना तो एकटा, कोणाच्याही आधाराविना, मध्यमावरून शुद्ध गंधारावर उतरतो. तो अर्ध्या स्वराचा उतार झाला की गीताला घर मिळते. तो घसरून कोमल गंधारावर गेला तर उगाच रडके वाटते, आणि गंधार आलाच नाही तर उघडे षड्ज-पंचम तेवढे उरतात. तिथे ओबरहूमरने ‘एकच आवाज’ अशी सूचना लिहून ठेवली होती. मंडळाने तो मान लिओपोल्डला दिला.

लिओपोल्डला तो उतार कधीच जमला नाही.

पहिल्या दोन तालमींत तो घसरला. तिसऱ्या तालमीत ओबरहूमर म्हणाला, आज नाही जमले तर ही जागा गिरणीवाल्या हाइंडलला देऊ. हाइंडल मुळात खर्जवाला, आणि गावातला सर्वांत फटकळ माणूस. आपल्याच खोलीत, आपल्याच बाकावर बसून हाइंडलकडून हार घ्यायची, या विचाराने लिओपोल्डच्या घशातून हवासुद्धा निघेना. शेवटचा क्षण आला. त्याने ओठ मिटले आणि काहीच केले नाही. आणि गंधार आला. भरीव, काठावरही न हलणारा, नेमका त्याच्या डोक्यामागून.

“असा,” ओबरहूमर म्हणाला. “असाच ठेवा.”

त्या दिवशी पेले विसळताना नवरा-बायकोत जे बोलणे झाले ते रेझीने पुढे एकाच माणसाला सांगितले.

“खिडकीत तू होतीस?”

“मोहरीची वाटी घ्यायला आले होते.”

“मोहरी होती तिथे?”

“नव्हती.”

लिओपोल्डने चार पेले पुसले. “पुढच्या गुरुवारीही मोहरी लागेल,” तो म्हणाला.

लागली. अकरा वर्षे दर गुरुवारी लागली. हे गीत तालमीबाहेर गायचे ते केवळ सभासदाच्या दफनाला, असा मंडळाचा नेम लवकरच पडून गेला. शवपेटी खाली उतरली की गीत सुरू होते आणि शेवटचा गंधार टेकल्याखेरीज पाद्री माती टाकायची खूण करीत नाही. पहिली माती घरच्या बाईची, मग इतरांची. सभासदांच्या बायका वृंदाच्या मागे, भिंत आणि पुरुष यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत उभ्या राहत. रेझी नवऱ्यामागे उभी असे, यात कोणाला वावगे दिसण्यासारखे काही नव्हते. बायकांनी मंडळात गाऊ नये असा नियम होता. पण सगळ्यांचेच ओठ मिटलेले असताना कोण गाते आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, आणि कानांनी ठरवायला जो तो आपला सूर सांभाळण्यात गुंतलेला.

एकदाच घोटाळा झाला. १८५९ च्या डिसेंबरात रंगारी वारला तेव्हा रेझी तापाने अंथरुणावर होती. लिओपोल्डने स्वतः उतरून पाहिले आणि तो रिषभापर्यंत गेला. पाद्र्याने वाट पाहिली. शेवटी कबर खोदणारा खोकला आणि माती पडली. रंगाऱ्याची विधवा पुढे कित्येक वर्षे सांगे की माझा माणूस अर्धवट पुरला गेला, रात्री माळ्यावर येऊन कढया सरकवतो. घशाला थंडी लागली होती असे लिओपोल्डने सर्वांना सांगितले. दफनभूमीच्या दारात प्रामहोफर मास्तरांनी त्याला एवढेच विचारले, “आयगनरीण कशी आहे आता?” ही चौकशी होती की आणखी काही, हे तेव्हा लिओपोल्डला कळले नाही, आणि आता मलाही कळत नाही.

१८६६ चे युद्ध आमच्यापासून दूर, बोहेमियात झाले. त्यात मंडळाचा एक दुसरा टेनर गेला. परतणाऱ्या सैन्याबरोबर पटकी आली. तिने आणखी एक नेला. लिओपोल्डला फेब्रुवारीत छातीने घेतले आणि पाच-सहा दिवसांत तो संपला. त्या ओळीत आता एकटा फाइट श्टॉकिंगर उरला. फाइट खोगिरे शिवायचा. आवाज गोड, मनुष्य लाजाळू, आणि लिओपोल्डच्या जागेचा त्याने आजवर दुरून केवळ आदर केला होता.

दफनाच्या आदल्या दुपारी मंडळ जमले. वरच्या खोलीत लिओपोल्ड निजवलेला होता आणि शेजारणी जपमाळ ओढत होत्या. खाली मागच्या खोलीत त्याच्यासाठीच तालीम चालली होती. स्वयंपाकघरात रेझी दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी पावाचे गोळे वळत होती. तिची सासू बार्बारा चुलीजवळच्या खुर्चीत बसून होती. झडप उघडी होती.

फाइट मध्यमावर नीट पोहोचला. मग तो उतरला, आणि उतरतच गेला.

“थांबायचं गंधारावर,” मास्तर म्हणाले. “मध्यमाच्या अगदी पायाशी आहे तो.”

“थांबतोय मास्तर, पण तिथं बर्फ आहे, घसरतोच.”

“फाइट, खोगिराचा पट्टा कापताना असाच कापतोस का रे?” हाइंडल म्हणाला. “मग माझा घोडा उगाच नाही पाडत मला.”

“तुझा घोडा तुला ओळखतो, म्हणून पाडतो,” फाइट पुटपुटला.

“पुन्हा,” मास्तर म्हणाले.

पुन्हा झाले, आणि त्यानंतरही झाले. एकदा तो गंधाराला स्पर्श करून घाबरून परत वर चढला. पहिल्या टेनरातला एक खाली आणावा तर वरची ओळ उघडी पडत होती. मास्तरांचा स्वतःचा आवाज तेराव्या वर्षी फुटला तो पुन्हा सांधला गेला नव्हता. ते शिकवायचे व्हायोलिनवर. हाइंडलने टोपी काढली आणि प्रथमच गंभीरपणे बोलला.

“पोल्डी असता तर बघायला नको होतं. डोळे मिटून उतरायचा. पायरी आपली वाटच बघत असायची त्याची.”

“त्याच्यासारखा दुसरा टेनर या खोऱ्यात झाला नाही,” आणखी कोणी म्हणाले.

स्वयंपाकघरात सासूने डोळ्यांना रुमाल लावला. “ऐकलंस?” ती म्हणाली. “माझ्या पोल्डीबद्दल बोलतायत.”

रेझी गोळे वळत राहिली. त्या घटकेला तिच्यासमोर काय होते ते स्पष्टच आहे. फाइट आताच चारदा चुकला होता; झडपेतून नेमका गंधार आला असता तर खोलीतल्या प्रत्येकाने मान वळवली असती. आणि एकदा मान वळली की अकरा वर्षांच्या सगळ्या गुरुवारांचा अर्थ लागायला वेळ लागला नसता. वर निजवलेल्या माणसाजवळ त्या एका स्वराखेरीज नाव घेण्यासारखे दुसरे काही नव्हते. खानावळ बापाची, घोडी उधारीची, स्वयंपाक बायकोचा. गप्प राहावे तर तो अर्धवट पुरला जाणार. गावे तर तो खोटा ठरून पुरला जाणार.

“उद्या हे गीत नको,” मास्तर शेवटी म्हणाले. “चर्चचं एखादं भजन म्हणू. मोडकं गाण्यापेक्षा ते बरं.”

सासू खुर्चीतून उठून झडपेशी आली. “म्हणजे त्या रंगाऱ्यासारखा? माझ्या मुलानं तुमच्या सगळ्या माणसांना पार पोचवलं, आणि त्याला तुम्ही दारात ठेवणार?”

माणसे एकेक करून टोप्या घालून निघाली.

रेझीने हात धुतले आणि ती फाइटच्या दुकानात गेली. तो दिव्याजवळ सरकून पट्टा शिवत होता. पुढचे त्याच्याच तोंडून ऐकलेले.

“श्टॉकिंगर, मास्तरांना जाऊन सांग की तुला जमलं.”

“आयगनरीणबाई, मला नाही जमलेलं.”

“माहीत आहे. उद्या शेवटाला ओठ मिटायचे आणि काही करायचं नाही. श्वाससुद्धा आवाज न करता घ्यायचा.”

“आणि मग?”

“मग गंधार येईल.”

“कुठून?”

“नेहमी येतो तिथूनच.”

फाइटने सुई थांबवली. “मी असा नुसता उभा राहून काय करू?”

“लिओपोल्ड करायचा तेच.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. “म्हणजे इतकी वर्षं…”

“टाका सुटतोय तुझा.”

त्याने टाका ओढून घेतला. मग त्याच्या लक्षात आले. “पण उद्या तुम्हाला मागे कसं उभं राहता येईल? तुमची जागा डोक्याशी, पाद्र्याजवळ. विधवा बाई जागा सोडत नाही.”

“ते माझ्याकडे लागलं.”

“लोक काय म्हणतील?”

“मला म्हणतील,” रेझी म्हणाली. “त्याला नाही म्हणणार.”

फाइट मास्तरांच्या घरी गेला आणि जमले म्हणाला. खोटे बोलायची सवय नसल्यामुळे तो दाराच्या कडीकडे बघून बोलला. गाऊन दाखव, असे मास्तर म्हणतील ही त्याला भीती होती. मास्तरांनी गाऊन दाखवायला सांगितले नाही. “बरं,” म्हणाले, आणि दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मंडळाला भिंतीपासून दोन पावले पुढे उभे केले आणि फाइटला रांगेच्या टोकाला ठेवले. सभासदांच्या बायकांना या खेपेला कबरीच्या दोन्ही बाजूंना उभे राहायला सांगितले होते. म्हणून वृंदामागची जागा मोकळी होती. रेझी डोक्याशी, सासूच्या उजव्या हाताला होती. पेटी दोरांवरून खाली गेली. एकट्या गायकाने संध्याकाळ झाल्याची पहिली ओळ घेतली आणि गुंजारव सुरू झाला.

चौथ्या ओळीला रेझी निघाली. सासूने तिची बाही धरली. रेझीने ती सोडवली, झटकली नाही, बोट-बोट करून सोडवली, आणि कबरीकडे पाठ करून ती चालू लागली. लोकांनी वाट दिली. तिला घेरी आली असावी असे पुढच्यांना वाटले. पण ती दाराकडे गेली नाही. मंडळाच्या टोकाला वळसा घालून ती बर्फातून मागे गेली आणि फाइटच्या पाठीशी उभी राहिली. समोरून बघणाऱ्यांना ती दिसेनाशी झाली. गायकाचे शब्द संपले. सगळे थांबले. मध्यम काही काळ हवेत होता, नेहमीपेक्षा जरा अधिक काळ, असे फाइट सांगे. आणि मग तो उतरला, एकच पायरी, आणि टेकला.

पाद्र्याने मातीसाठी फावडे उचलले आणि विधवेकडे वळला. तिथे विधवा नव्हती. क्षणभर तो फावडे धरून उभा राहिला. मग ते त्याने सासूच्या हाती दिले. लिओपोल्ड आयगनरवर पहिली माती त्याच्या आईची पडली. बायकोची पडलीच नाही, कारण रेझी मागून परत येईतो रांग लागली होती आणि रांगेत तिला कोणी पुढे घेतले नाही.

दफनानंतरचे जेवण तिच्याच खानावळीत झाले. गाईच्या मांसाचे सार, पावाचे गोळे, मोस्ट या फळांच्या मद्याचे घडे. तिने स्वतः वाढले. माणसे तिच्याशी जरुरीपुरते बोलत होती. हाइंडल पेला घेऊन फाइटकडे आला.

“मानलं तुला. एका रात्रीत शिकलास. पोल्डीपेक्षा काकणभर सरसच.”

“पोल्डीसारखाच,” फाइट म्हणाला. “तसूभर फरक नाही.”

“विनय करतोय खोगीरवाला.”

“करत नाहीये.”

रेझी मोहरीची वाटी ठेवायला आली होती. ती ठेवून ती आत गेली.

सासू त्यानंतर बारा वर्षे जगली. ती त्याच घरात राहिली, पण रेझीच्या टेबलावर जेवली नाही; ताट खोलीत मागवी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “माझ्या मुलाला माती द्यायलाही थांबली नाही, पाठ दाखवून गेली.” रेझी ते ताट रोज स्वतः नेऊन ठेवी. गावाने तिचे नाव ‘पाठमोरी’ ठेवले. मंडळात पुढे मृत्यू होत राहिले, आणि दर दफनाला ती फाइटच्या मागे उभी दिसू लागली, तेव्हा गावाने त्यातूनही हवा तो अर्थ काढला. फाइटच्या बायकोने दोन वर्षे ते ऐकून घेतले, आणि मग फाइट रेझीकडे गेला.

“आता सांगून टाकू या. माझ्या घरात भांडी आदळतायत.”

“बायकोला सांग. तिच्यापुरतं.”

“आणि गावाला?”

“गावाला सांगितलंस तर तुझ्या जागी हाइंडल येईल, आणि माझ्या जागी कुणीच येणार नाही. मग पुढच्या मेल्या माणसानं काय करायचं?” मग ती म्हणाली, “आणि पोल्डीला तिथून उठून येता येत नाही, उत्तर द्यायला.”

फाइटने बायकोला सांगितले. भांडी थांबली. पुढच्या दफनापासून फाइटची बायको रेझीच्या शेजारी उभी राहू लागली, तेव्हा गावालाही तो विषय फारसा चविष्ट राहिला नाही. ‘पाठमोरी’ हे नाव मात्र टिकले. तरुण मुले ते कारण माहीत नसतानाही वापरत. खानावळीत येऊन तिलाच विचारत की असे का म्हणतात, आणि ती सांगे, चुलीकडे तोंड असते म्हणून.

प्रामहोफर मास्तर १८८१ साली वारले. ते मंडळाचे सभासद, म्हणून गीत झाले. त्या दिवशी नव्या वृंदप्रमुखाने मंडळाला जुन्या रीतीने भिंतीच्या अगदी जवळ उभे केले होते. फाइट आपण होऊन दोन पावले पुढे सरकला. त्याला बघून सगळी रांग पुढे आली.

हे सारे फाइटने मला सांगितले तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता. इतक्या वर्षांत आपण त्या जागी एकदाही सूर लावला नाही, असे तो म्हणाला. मनातल्या मनात लावून पाहिला होता का, असे मी विचारले. “शेवटी शेवटी,” तो म्हणाला. “तेव्हा नेमका लागायचा. पण तेव्हा तो लागलेलाच असायचा ना.” मास्तरांविषयी विचारल्यावर त्याने खांदे उडवले. मास्तरांनी मला गाऊन दाखवायला सांगितले नाही, एवढे मला ठाऊक आहे, असे तो म्हणाला.

तेरेझिया आयगनर १८९४ च्या मार्चमध्ये वारली. ती मंडळाची सभासद नव्हती, त्यामुळे तिच्या दफनाला गीत झाले नाही. त्यानंतर ग्राउबाखमध्ये ते गीत गायले गेले ते थेट १९२२ साली, स्त्रियांना मंडळात घेतल्यावर. त्या वेळी दुसऱ्या टेनरची ओळ दोन बायकांकडे होती.